श्वासासकट

“काढा! भाईर काढा मला!”

शिवकांतानं हातातला रबरी फुगा दाबला आणि ती तो दाबतच राहिली. टेबल सरकत एमआरआय मशीनच्या बोगद्याबाहेर आलं, मानेवरची जाळी निघाली, तशी ती उठली आणि अनवाणीच दाराकडे धावली. दार जड होतं. उजव्या हाताच्या बोटांना मूठ धरवेना. ती खांद्यानं दाराला रेटा देऊ लागली.

“काकू, थांबा. ते आत ओढायचंय,” मशीन चालवणारी मुलगी म्हणाली आणि तिनंच दार उघडून दिलं.

बाहेर बाकड्याजवळ उमाशंकर, शिवकांताचा नवरा, उभा होता. त्याच्या डाव्या तळहातावर पांढरा रुमाल होता आणि रुमालावर शिवकांताचं इष्टलिंग. गळ्यातली चांदीची डबी आत चालणार नाही म्हटल्यावर तिनं लिंग डबीतून काढून त्याच्या हातावर दिलं होतं आणि खाली कुठं ठेवू नका म्हणून बजावलं होतं. तेव्हापासून तो बाकड्यावर टेकलासुद्धा नव्हता.

“झालं बी इतक्यात?” त्यानं विचारलं. मग तिचा चेहरा बघितला आणि वाटेतून बाजूला झाला.

ती त्याच्या शेजारून पायऱ्या उतरली आणि सरळ रस्ता ओलांडून पलीकडे गेली. नांदेडच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंनी दवाखाने, औषधांची दुकानं आणि रिक्षांची गर्दी. एका कडुलिंबाखाली रसवंतीचं बंद गाडं होतं, त्याला टेकून ती उभी राहिली. तिथून तिनं तीन मजल्यांच्या त्या इमारतीकडे पाहिलं. ती इमारत पडली तर इथवर येईल का, याचा अंदाज तिनं नकळत घेतला. अशा अंदाजाशिवाय ती कुठल्याही इमारतीखाली उभी राहिलेली नव्हती.

उमाशंकर मागोमाग आला. थोड्या वेळानं ती मुलगीही आली, हातात शिवकांताच्या चपला घेऊन. तिचं नाव लुंबिनी. तिनं चपला खाली ठेवल्या, सरळ करून.

“अजून मशीन चालूसुद्धा केलं नव्हतं, काकू.”

“मला म्हाईत हाय.”

“पुष्कळ लोकांना होतं असं. आपण भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावू. झोपेचं इंजेक्शन दिलं की तुम्हाला काही कळणार पण नाही.”

“न्हाई.”

“अगं, ऐकून तर घे त्या काय म्हणून राहिल्या,” उमाशंकर म्हणाला.

“झोपेत न्हाई,” शिवकांता म्हणाली. “झोपेत कुटंच न्हाई जायाचं मला.”

एवढ्या वर्षांत हे वाक्य उमाशंकरनं वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं होतं.

शिवकांताचं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला तेव्हा ती चौथीत होती. आदल्या दिवशी गणपती बुडवून आलेलं गाव थकून झोपलं होतं आणि पहाटे दगडमातीच्या भिंती आणि वरची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. शिवकांताला दुपारी ढिगाऱ्यातून वर काढलं. पुढं लग्न होऊन ती भोकरला आली. उमाशंकर एका खताच्या दुकानात कामाला होता, अजूनही तिथंच आहे. मुलगी झाल्यावर त्यानं घरावर स्लॅब टाकायचं ठरवलं, सळई आणून ठेवली. शिवकांता म्हणाली, स्लॅब टाका, मी अंगणात राहीन. सळई परत गेली, पत्रे राहिले. पाहुणे हसायचे. उमाशंकर म्हणायचा, “उन्हाळ्यात तापतो जरा. पर पडला तर टेंगूळ यील, जीव न्हाई जायाचा.”

ती ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल-पिको करायची. शिलाई मशीन रस्त्याकडेला, पत्र्याच्या पडवीत. थंडीत असो की पावसात, ते आत गेलं नाही. अलीकडे हिंगोलीकडचे धक्के नांदेड-भोकरपर्यंत जाणवायला लागले होते. भांडं वाजलं की इतर लोक बातम्या लावायचे, शिवकांता रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहायची आणि मग तिला कुणीतरी हाताला धरून बाजूला घ्यावं लागायचं.

यंदा उन्हाळ्यात तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. आधी कात्री पडायची. मग एकदा कुण्या नवरीच्या पिवळ्या ब्लाउजवर लाल ठिपके दिसले. हे काय म्हणून तिनं पाहिलं तर सुई बोटात शिरलेली होती आणि तिला पत्ताच नव्हता. डॉक्टर म्हणाले, मानेत नस दबलीय, पण कुठं आणि किती हे फोटो काढल्याशिवाय सांगणार नाही. आणि उशीर केला तर हात जाईल.

“मग दुसरा एक रस्ता आहे,” लुंबिनी म्हणाली. “मशीनचे हेडफोन आहेत. तुम्हाला आवडतं ते गाणं मी बाहेरून लावते. भजन, अभंग, काहीही. पण घरी सवय करून या. पुढच्या आठवड्यात बघू.”

शिवकांतानं चपला घातल्या. डाव्या पायातली घालायला तिला वेळ लागला.

*

सृष्टी, त्यांची एकुलती मुलगी, नांदेडलाच फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. प्रॅक्टिकल संपवून ती पांढऱ्या कोटातच आली. तिनं वडलांना दुपारच्या गाडीनं भोकरला लावून दिलं आणि आईला आपल्या खोलीवर नेलं. खोली तळमजल्यावर होती, दारातून थेट रस्त्यावर निघता येणारी. वरच्या मजल्यावर वारं होतं, मैत्रिणी होत्या, तरी सृष्टीनं खालची घेतली होती. वर घेतली असती तर आई एकदाही आली नसती.

“आपण इथंच सवय करू,” सृष्टी म्हणाली. “पलंगाखाली झोपायचं. मी इथं बसते. फुगा नाही, पण माझा पाय ओढायचा.”

“येड लागलंय का तुला?”

“हाव. झोप.”

लोखंडी पलंग होता. खालची पुस्तकांची पेटी सृष्टीनं काढली, सतरंजी टाकली. शिवकांता पदर कमरेला खोचून आत सरकली. पलंगाची पट्टी तिच्या नाकापासून वीतभर वर होती. गंजाचा वास आला. तिनं लगेच सृष्टीचा पाय धरला.

सृष्टीनं आधी भजन लावलं. टाळ, मृदंग, मागं पंधरावीस जण. थोड्या वेळात शिवकांता बाहेर आली, केस विस्कटलेले, छाती वरखाली होणारी.

“ह्याच्यात लई माणसं हायती,” ती म्हणाली. “सगळीच वरडतेत. कोण कुटंय कळत न्हाई.”

दुसरं भजन झालं, सनईची धून झाली, समुद्राचा आवाजसुद्धा झाला. समुद्राला तर ती आतच गेली नाही. शेवटी सृष्टी फोन हातात घेऊन जरा वेळ घुटमळली.

“आई, माझं एक आहे. पण इंग्लिश आहे.”

“मला काय कळायलंय इंग्रजीतलं?”

“कळू नको दे.”

फोनवर चित्र आलं. राखाडी कोट घातलेला एक तरुण रेल्वेच्या रिकाम्या फलाटावर, बाकावर बसलेला. शेजारी जागा असूनही अगदी कडेला टेकलेला.

“कोण ह्यो?”

“कॅलम.”

“कलम? नाव हाय ह्ये?”

“कॅलम गं. इंग्लंडचा आहे. आधी चौघांचा ग्रुप होता यांचा. जगभर फेमस. प्रत्येक गाण्यात याला दोनच ओळी मिळायच्या, आणि नाचायला मागं. मग ग्रुप फुटला.”

“बाकीची पोरं मेली का काय?”

“मेली नाहीत! भांडली. मग दोन वर्षं हा कुणाला दिसलाच नाही. आणि मग हा अल्बम आला, एकट्याचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत हाच. लोकांना वाटलं होतं धिंगाणा असेल, नाचाची गाणी असतील. तसलं काहीच नाही. एक पियानो, एक गिटार, आणि हा. आपल्या घराच्या खोलीत बसून गायलंय.”

“तुला काय आवडलं त्यात?”

“पहिल्या वर्षी मी इथं आले ना, मला कुणीच नव्हतं. मेसचं जेवण जायचं नाही. तुम्हाला फोन केला की तू रडशील म्हणून मी मजेत आहे म्हणायचे. तेव्हा हे लावायचे कानात. हा मोठ्यानं गातच नाही. उशीवर डोकं ठेवून शेजारचं माणूस बोलतंय, असं वाटतं.”

शिवकांतानं मुलीकडे पाहिलं. मजेत आहे, हे शब्द तिला आठवले. त्या वेळी तिनं ते खरे मानले होते, उमाशंकरला सांगितलेही होते.

ती परत पलंगाखाली गेली. सृष्टीनं तिच्या कानात इअरफोन घातले.

पियानोचे चार-पाच स्वर वाजले. मग थांबले. आणि मग, गाणं सुरू व्हायच्या आधी, तिच्या कानाला लागून कुणीतरी श्वास घेतला.

शिवकांता उठली. उठायला जागा नव्हती. कपाळ लोखंडी पट्टीवर आपटलं, ती तशीच कुशीवर लोळत बाहेर आली आणि भिंतीला पाठ लावून बसली. कानातले इअरफोन ओढून तिनं लांब फेकले.

“काय झालं? आई! लागलं का?”

“त्यो मदी काय करतो?”

“कोण?”

“त्यो. गायच्या आदी. सूं करून.”

“श्वास घेतो गं.” सृष्टी तिच्या कपाळावर ओला रुमाल दाबत होती. “बाकीचे लोक रेकॉर्डिंग झालं की श्वास कापून टाकतात कॉम्प्युटरवर. यानं ठेवलेत सगळे. तेच तर आवडतं लोकांना. का? भीती वाटली?”

शिवकांतानं रुमाल तिच्या हातून घेतला आणि स्वतःच कपाळावर धरला.

मामा भूकंपात गेला, एवढंच सृष्टीला माहीत होतं. उमाशंकरलाही याहून फार जास्त माहीत नव्हतं. आई-वडील त्या रात्री अंगणात झोपले होते. आत शिवकांता आणि तिचा मोठा, सातवीतला भाऊ मन्मथ. एक तुळई आडवी पडली, तिच्याखाली दोघं वाचली. अंधारात तिला तो दिसत नव्हता, पण त्याचं तोंड तिच्या कानाशी होतं. ती ओरडत होती आणि ओरडली की तोंडात माती जात होती. मन्मथ म्हणाला, “वरडू नको, शिवी. मी श्वास घेतो तवा तू घे.” शिवी म्हटलं की ती एरवी चिडायची, घरभर त्याच्या मागं पळायची. तिथं ती चिडली नाही. त्यानं श्वास घेतला की तिनं घेतला, त्यानं सोडला की तिनं सोडला. मध्ये मध्ये तो बोलायचा. मग बोलणं थांबलं, नुसता श्वास राहिला. तिला झोप लागत होती. आणि एका श्वासानंतर पुढचा आला नाही. ती वाट बघत राहिली. त्याचा येईना म्हणून तिनंही आपला धरून ठेवला, छाती फुटायला आली तोवर. मग तिचा तिलाच सुटला.

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच.

“परत लाव,” शिवकांता म्हणाली.

“राहू दे आई. दुसरं बघू आपण.”

“लाव म्हनलं ना.”

ती परत आत गेली. या वेळी पाय नाही, सृष्टीचा हात धरला. पियानो वाजला. थांबला. श्वास आला. शिवकांतानं डोळे घट्ट मिटले. तिला खात्री होती की आता काही येणार नाही. आणि ओळ आली. खालच्या आवाजातली, जरा घोगरी, तिला एक अक्षर न कळणारी. ओळ संपली. पुन्हा श्वास. पुन्हा ती भीती, तेवढीच, जराही कमी नाही. पुन्हा ओळ.

रस्त्यावरून सिमेंटचा ट्रक गेला, पलंग थरथरला. सृष्टीच्या हातात तिची नखं रुतली. पण ती बाहेर आली नाही.

*

भोकरला परतल्यावर आठवडाभर तिनं तेच ऐकलं. सृष्टीनं तिच्या फोनवर भरून दिलं होतं. शिवणाचं काम जवळपास बंद होतं. डाव्या हातानं ती बटणं लावायची, गुंड्या करायची आणि एका कानात ती वायर असायची. माप द्यायला आलेल्या बायका विचारायच्या, “शिवकांताबाई, कुणाचं प्रवचन?” ती म्हणायची, “कलमचं.” बायकांना वाटायचं, असेल कुणी महाराज.

तिला गाणी ओळखू यायला लागली. एका गाण्यात खुर्ची करकरते. एकात तो मध्येच चुकतो आणि हसतो. एका गाण्याचा अर्थ तिनं सृष्टीला फोन करून विचारला. सृष्टी म्हणाली, तो नव्या घरात राहायला गेलाय, एकटाच, आणि अंधारात दिव्याचं बटण शोधत भिंतीवरून हात फिरवतोय, असं काहीतरी आहे.

“मग सापडतं का?”

“ते नाही सांगत.”

“असं कसं? सांगाय पायजे,” शिवकांता म्हणाली.

त्या गाण्यात शेवटाकडे एक लांब जागा होती. सगळं थांबायचं. श्वास यायचा आणि मग बराच वेळ काही यायचं नाही. ती जागा जवळ आली की शिवकांता हातातलं काम खाली ठेवायची. गाणं तिला पाठ झालं होतं, ओळ येणार हे पक्कं माहीत होतं, तरी दर वेळी ती आपलाही श्वास धरून ठेवायची. आणि ते संपलं की ती तेच पुन्हा लावायची. का, ते तिला सांगता आलं नसतं.

उमाशंकरनं एकदा तिच्या कानातली वायर आपल्या कानात घालून पाहिली.

“सर्दी झाली का गं ह्याला?”

“द्या हिकडं.”

“न्हाई, चांगला हाय. गरीब वाटतो बिचारा.” त्यानं वायर परत दिली. मग हळूच म्हणाला, “न्हाई जमलं तर न्हाई जमलं. हैदराबादला उघडी मशीन हाय म्हनं. आपन जाऊ तिकडं. फिकीर करू नको.”

“जमंल,” ती म्हणाली. पण नांदेडला जायच्या आदल्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. दुपारी ती कापड कापायच्या टेबलाखाली जाऊन झोपली आणि दोन गाण्यांतच बाहेर आली, पडवीत उलटी केली.

*

“गळ्यातलं, कानातलं, जोडवी, पिना. सगळं निघालं?” लुंबिनीनं विचारलं.

उमाशंकरनं रुमाल पसरून हात पुढं केला. शिवकांतानं लिंग कपाळाला लावलं, त्याच्या तळहातावर ठेवलं.

“बसा की जरा,” ती त्याला म्हणाली.

“मी हाय असाच.”

सृष्टीनं आपला फोन लुंबिनीच्या वायरला जोडून दिला. आत थंडी होती. शिवकांता टेबलावर आडवी झाली. डोळ्यांवर पट्टी, कानांवर जाड हेडफोन, मग मानेवरून चेहऱ्यावर आलेली ती जाळी. रबरी फुगा तिनं डाव्या हातात मागितला. उजव्यावर तिचा भरवसा नव्हता.

“आवंढासुद्धा जपून गिळा,” लुंबिनी म्हणाली. “हललात तर फोटो हलतो, परत करावं लागतं. आम्ही काचेतून बघून राहिलो तुम्हाला.”

पियानो सुरू झाला. टेबल सरकलं. हवा बदलली, तिचाच श्वास समोर कशालातरी लागून तिच्या तोंडावर परत आला, गरम. म्हणजे छत तिथं होतं, अगदी तिथं. अंगठा फुग्यावर गेला.

कलमनं श्वास घेतला. गायला लागला.

आणि मशीननं घण घालायला सुरुवात केली. ठक, ठक, ठक, मग भराभर, मग कुणी कवटीवरच पहार मारतंय असं. गाणं बुडालं. तिला माहीत असलेला हा आवाज होता. त्या दुपारी वरून पहारी पडत होत्या, आणि पहार दगडावर बसली की खाली तिच्या तोंडावर माती यायची. वाचवायला आलेल्या माणसांच्या प्रत्येक घावाबरोबर तिला वाटायचं, आता मरणार. शेजारी मन्मथ गार झालेला होता. आत्ताही ती मातीची वाट बघत होती. ओठ तिनं घट्ट मिटून घेतले. फुगा अर्धा दबला होता, पुरता दाबला की सगळं थांबणार होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानांच्या बाजूनं गेलं आणि ते तिला पुसता येत नव्हतं.

माती आली नाही. घण चालूच राहिले.

मग एकाएकी मशीन थांबलं. शांततेत तिला कळलं, गाणं पुढं गेलंय. ते खुर्ची करकरणारं चाललं होतं, निम्म्यावर आलेलं. तिला ऐकू येत नव्हतं तेव्हाही तो गातच होता. कुणी ऐको न ऐको, श्वास घेत होता, ओळ म्हणत होता. तिनं अंगठा ढिला केला, अगदी थोडा.

पुन्हा घण. पुन्हा तो बुडाला. आता ती त्याच्या मागून मनातल्या मनात चालली. खुर्ची झाली, आता तो चुकणार, आता हसणार. भीती गेली नव्हती. ती छातीवर बसलेलीच होती, पण बाजूला दुसरंही काहीतरी चाललं होतं. एकदा तिचा अंदाज चुकला, मशीन थांबलं तेव्हा गाणं तिच्या पुढं निघून गेलेलं होतं. तिला ते धरायला धावावं लागलं.

मग एक गाणं संपलं आणि कानात काहीच राहिलं नाही. मशीनही गप्प. पूर्ण गप्प. ही शांतता तिला सगळ्यात नको होती. अंगठा पुन्हा फुग्यावर रुतला.

“काकू?” हेडफोनमध्ये लुंबिनीचा आवाज आला. “आहात ना?”

“हाय,” शिवकांता म्हणाली. मग स्वतःलाच ऐकू यावं म्हणून पुन्हा म्हणाली, “मी हाय.”

“आता शेवटचं राहिलं. जरा लांब आहे. करू सुरू?”

“थांब.” जाळीच्या आत ओठ हलवणं अवघड होतं. “गाणं लागू दे. त्यानं श्वास घेतला की मग कर.”

लुंबिनी थांबली. काचेपलीकडे बाहेर रांग होती, तरी थांबली. दिव्याचं बटण शोधणारं ते गाणं लागलं. श्वास आला. मशीन सुरू झालं आणि शिवकांता पडून राहिली.

टेबल बाहेर आलं तेव्हा तिला उठता येईना. फुगा धरलेल्या हाताची मूठ लुंबिनीनं एकेक बोट करून सोडवली. उमाशंकर दारातच होता. त्याचा तळहात इतका वेळ तसाच धरून आखडला होता, लिंग परत दिलं तरी बोटं मिटेनात. तिनं ते डबीत घालून गळ्यात बांधून घेतलं आणि त्याच्या मनगटावर आपला हात ठेवला. इतक्या लोकांत ती एरवी असं करत नसे.

*

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरले. मानेतली एक चकती सरकून नस दाबत होती. ऑपरेशन करावं लागेल, लातूरला करून घ्या, तिथं या कामाचे चांगले डॉक्टर आहेत, असं ते म्हणाले. बोटं पूर्वीसारखी होतील का, हे उमाशंकरनं विचारलं. आणखी बिघडणार नाहीत एवढं सांगतो, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन भूल देऊनच करतात का, हे शिवकांतानं विचारलं. डॉक्टर हसले आणि हो म्हणाले. ती हसली नाही.

बसस्थानकावर भोकरची गाडी लागायची होती. उमाशंकर चौकशीच्या खिडकीकडे गेला. दोघी मायलेकी फलाटाच्या कडेला, स्लॅबच्या छताबाहेर, उन्हात उभ्या राहिल्या. सृष्टीला कारण विचारायची गरज नव्हती.

“सृष्टी,” शिवकांता म्हणाली, “तुजा मामा माज्यापाशी होता. आत.”

सृष्टीनं तिच्याकडे पाहिलं.

शिवकांतानं सांगितलं. गाड्यांचे हॉर्न वाजत होते, कंडक्टर ओरडत होते आणि ती रस्त्याकडे बघत सांगत होती. सातवीतला मन्मथ, तुळई, अंधार, श्वास, आणि तो कुठं थांबला ते. फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं जे धरलं होतं ते इतकं थोडक्यात संपतं, याचं तिलाच नवल वाटलं. सृष्टी रडायला लागली तेव्हा तिनं तिला थोपटलं नाही, रडू दिलं.

“त्याचा फोटो नाही का गं एकपण?” रडू ओसरल्यावर सृष्टीनं विचारलं.

“कुटला? घरच गेलं सगळं. आजीनं तर नंतर त्याचं नावबी घिऊ दिलं न्हाई कुणाला.”

“कसा होता दिसायला?”

चेहरा शिवकांतानं किती वेळा आठवून पाहिला होता. तो दरवेळी निराळा यायचा. सृष्टीला तिनं समोर सरळ उभं केलं, दोन पावलं मागं सरली, माप घेताना बघायची तसं तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग पुढं होऊन डावा हात सृष्टीच्या कानाजवळ आडवा धरला.

“हितवर,” ती म्हणाली.

“एवढा उंच? सातवीत?”

“लई उंच होता. समद्या वर्गात उंच. चड्डी आखूड व्हायची दर साली.”

“अगं, गाडी लागली!” उमाशंकर लांबून हात करत होता. “चला, जागा धरतो मी!”

माणसं पिशव्या घेऊन पळाली. सृष्टी डोळे पुसत खालची पिशवी उचलायला वाकली. शिवकांताचा हात तिथंच होता, तेवढ्याच उंचीवर, उन्हात.